मनाचा दवाखाना (लेखांक ५) : पहिली भेट आणि तिच्या पुढच्या

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे तिघेही वर्ध्याच्या बोलण्यात ‘डोक्याचे डॉक्टर’च असतात. खासगी ठिकाणी उपचार सुरू करण्याआधी मात्र त्यांच्यातला फरक कळायला हवा. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषधे तो लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो आणि १९९२ च्या कायद्यानुसार त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशकांच्या शिक्षणात मोठी तफावत असते. कोणी मानसशास्त्रात एम.ए. असतो, कोणी समाजकार्यात, तर कोणाचा अभ्यासक्रम अवघ्या काही महिन्यांचा. म्हणून शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही. ते विचारलेच पाहिजे. फी किती, आणि येणे रद्द झाले तर तिचे काय, हेही फोनवरच विचारून घ्यावे. आर्वी किंवा आष्टीहून एसटीने येणाऱ्याला कापसाच्या वेचणीत दर आठवड्याला येणे जमणार नसेल, तर तेही तेव्हाच सांगावे.

नंबर लावायचा आणि पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन निघायचे, अशी सवय असलेल्याला पहिली भेट लांबलचक वाटते. ती साधारण पाऊण ते एक तास चालते. झोप, भूक, काम, दारू, घरात आधी कोणाला असा त्रास होता का, असे प्रश्न येतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी माणूस उदास आणि सुस्त होतो, म्हणून रक्त तपासायलाही सांगितले जाते. पहिल्या दोन-तीन भेटी बहुतेक माहिती घेण्यातच जातात. जुने दुखणे बोलून दाखवल्यावर त्या रात्री झोप न येणे, जीव जड होणे, हेही घडते. तेवढ्यावरून उपचार बिघडला असे समजू नये, पण पुढच्या भेटीत ते आवर्जून सांगावे.

नंतरचे काम पद्धतीप्रमाणे बदलते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ पद्धत मांडली आणि ती मराठी वाचकांपर्यंत नेण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. ‘पीक गेले, आता मी घरात तोंड दाखवायच्या लायकीचा नाही’ या वाक्यातला पहिला भाग या पद्धतीत कोणी नाकारत नाही. नुकसान खरेच असते आणि समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. तपासला जातो तो दुसरा भाग : पीक आणि लायकी यांची गाठ कोणी बांधली? असे विचार वहीत टिपून आणायला सांगतात. तो घरचा अभ्यास झाला नाही, तर नुसत्या भेटींचा उपयोग निम्मा राहतो.

सर्वांत मोठी धास्ती असते बभ्रा होण्याची, आणि लहान गावात ती खरी आहे. बाकावर शेजारी ओळखीचाच माणूस बसलेला असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. खोलीत झालेले बोलणे नवऱ्याला, सासूला किंवा मालकाला सहज सांगता येत नाही. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अपवाद होतो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना द्यावीच लागते. सोबत आलेले नातेवाईक बहुधा आत येऊन बसू पाहतात. त्यांच्याकडची माहिती उपयोगी असते, पण रुग्णाला एकट्याने बोलायला वेळ मिळायलाच हवा आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

पूर्वी जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस पोलीस केसच्या भीतीने ते लपवतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम ११५ ने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. ज्या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या इतक्या आत्महत्या पाहिल्या, तिथे ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी. मनात असे विचार आजही येत असतील, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. खासगी उपचारक रात्री-अपरात्री भेटेलच असे नाही. तेव्हा १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. धोका अंगावर आला असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. ज्यांना फी परवडत नसेल, त्यांनाही तिथे जाता येते.

काही भेटींनंतर मन मोकळे होत नाही असे वाटले, तर तसे स्पष्ट बोलून उपचारक बदलता येतो. आपल्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २५ देते, त्यामुळे नव्या ठिकाणी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत बसावी लागत नाही. औषधे चालू असतील, तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.