काचेच्या पेटींतील मासे आणि त्यांचीं दुखणीं

ज्या घरांत मासे खात नाहींत त्या घरांत मासे पाळण्याची हौस वाढावी, यांत विसंगति वाटण्याचें कारण नाहीं. तीर्थाच्या पायऱ्यांवर उभें राहून माशांना कणकेच्या गोळ्या टाकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पद्मतीर्थ आणि देवतळें ज्या वाशीमांत आहेत तेथील मंडळींना जलचरांचें कौतुक मुद्दाम शिकवावयास नको. परंतु तळें आणि दिवाणखान्यांतली काचेची पेटी यांत मोठें अंतर आहे. तळ्याला वारा, शेवाळ आणि चिखल यांचा आधार असतो. पेटींतल्या ४० लिटर पाण्याला आपल्याखेरीज कोणी वाली नाहीं. म्हणूनच मोठ्या हौसेनें आणलेले मासे महिन्याभरांत एकामागून एक उलथे पडतात, मुलें रडूं लागतात, आणि वडील मंडळी ‘आपल्याला लाभत नाहींत’ असें म्हणून पेटी माळ्यावर टाकतात.

लाभण्या-न लाभण्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. पहिल्या महिन्यांतले मासे बहुधा रोगानें मरतच नाहींत. ते विषानें मरतात. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया टाकीत असतो. तो अमोनिया पचवून त्याचें सौम्य द्रव्यांत रूपांतर करणारे सूक्ष्म जंतु पेटींत वस्तीला येण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे थोडे ठेवावे व दोन-तीन दिवसांनीं चतुर्थांश पाणी बदलावें. आपल्याकडील काळ्या पाषाणांतल्या विहिरींचें पाणी बहुधा जड व किंचित क्षारयुक्त असतें. गोल्डफिशला तें मानवतें खरें, पण क्षारयुक्त आणि उष्ण पाण्यांत अमोनिया अधिक जहाल होतो. त्यांत वैशाखाची भर! २५ अंश उष्णतेच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, तोच ३५ अंशांवर ७ वर येतो. सकाळीं मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझांप करूं लागले, तर औषध शोधूं नये. अन्न बंद करावें, पाणी बदलावें, हवेचा पंप चालू ठेवावा. नळाचें पाणी रुंद बादलींत एक दिवस उघडें ठेवून मगच घालावें, म्हणजे त्यांतला क्लोरीन उडून जातो. पावसाळ्यांत विहिरींत निर्जंतुक पूड टाकतात, तेव्हां विहिरीच्या पाण्यालाहि हाच नियम लागू आहे.

अन्नाविषयीं एक गोष्ट एकत्र कुटुंबांस उद्देशून सांगावीशी वाटते. आजोबा पूजा आटोपल्यावर चिमूटभर टाकतात, मुलें शाळेंतून आल्यावर टाकतात, आणि संध्याकाळीं काकूंना वाटतें कीं आज कोणीच घातलें नाहीं. प्रत्येकाची माया खरी. पण उरलेलें अन्न कुजून पुन्हां अमोनियाच होतो. हें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे असावें, आणि दोन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें. कणीक तर मुळींच नको.

खऱ्या रोगांत सर्वांत नेहमींचा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर व परांवर रवा भुरभुरावा तसे ठिपके दिसतात, मासा दगडांवर अंग घासतो. हा एका एकपेशीय परोपजीवीचा प्रताप. फूके नांवाच्या फ्रेंच संशोधकानें १८७६ सालीं त्याचें वर्णन केलें. आपल्याकडे हिवाळ्यांत तो विशेष दिसतो, कारण दुपारचें ऊन आणि रात्रीची थंडी यांतील तफावतीनें माशाची शक्ति खचते. ठिपक्यांतला जंतु कातडीखालीं असल्यामुळें औषध त्याला लागत नाहीं. तो पिकून तळाशीं पडतो, तेथें त्याचीं शेंकडों पिलें होतात, आणि तीं पाण्यांत पोहत नवा मासा शोधतात. त्याच वेळीं तीं मारतां येतात. म्हणून ठिपके गेले कीं औषध थांबविणें ही घोडचूक होय. पाण्याची उष्णता हळूहळू २८-३० अंशांपर्यंत नेली असतां हें चक्र लवकर फिरतें. लिटरला २ ग्रॅम याप्रमाणें साधें मीठ, म्हणजे ४० लिटरला ८० ग्रॅम, दोन दिवसांत विभागून विरघळवून घालावें व उपाय दहा-बारा दिवस चालवावा. पाणवनस्पतींना आणि मिशाळ माशांना मात्र मीठ सोसत नाहीं.

जखमेवर कापसासारखा पुंजका दिसला तर ती बुरशी. पर कडेनें झिजून फाटूं लागले तर तो जंतूंचा कुजरोग. दोहोंचें मूळ घाणेरड्या पाण्यांत असतें, आणि आरंभीं नुसत्या स्वच्छ पाण्यानेंच पुष्कळदां आराम पडतो. बुरशीला मेथिलीन ब्लू वेगळ्या भांड्यांत द्यावें. मुख्य पेटींत घातल्यास उपकारक जंतूंनाहि तें घातक ठरतें. गोल्डफिश उलटा तरंगत असेल तर दोन-तीन दिवस लंघन आणि नंतर सोललेला उकडलेला वाटाणा, एवढें करून पाहावें. पोट फुगून खवले फणसाच्या कांट्यांसारखे उभे राहिले, कीं तो जलोदर. त्यांतून मासा क्वचितच वांचतो, मुलांना खोटी आशा लावूं नये.

दुकानदार विचारल्याबरोबर प्रतिजैविकाची पूड पुढें करतात, ती निदानावांचून घेऊं नये. नवा मासा प्रथम दोन-तीन आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवण्याचा कंटाळा केला, तर हे सारे उपाय पुन्हां पुन्हां करावे लागतात.

आणखी एक. आजारी किंवा नकोसा झालेला मासा ‘जीव वांचेल’ म्हणून तीर्थांत किंवा विहिरींत सोडण्याची बुद्धि दयेपोटीं होते; पण त्याच्याबरोबर त्याचा रोगहि तेथील माशांत जातो. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्यखात्यातर्फें मिळणारे गप्पी मासे घरच्या हौदांत अवश्य ठेवावे. पेटींतला मासा मात्र पेटींतच किंवा दुसऱ्या हौशी घरीं द्यावा, आणि मेल्यास कुंडींतल्या मातींत खोल पुरावा.