जुन्या जीपची नाडीपरीक्षा

घरांतील एखादें माणूस आजारी पडलें म्हणजे आपण वैद्यास बोलावतों, आणि वैद्य शहाणा असला तर तो येतांच औषध काढीत नाहीं. तो आधीं पाहतो, मग हात लावतो, मग विचारतो. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आयुर्वेदानें कित्येक शतकांपूर्वींच सांगून ठेविली आहे. यंत्राच्या बाबतींत मात्र आपला धीर सुटतो. आवाज आला कीं गाडी खोलावी, आणि खोलूनही गुण आला नाहीं कीं कोणावर तरी ठपका ठेवावा, असा बहुतेक घरांतील शिरस्ता. आमच्या घरचाही तोच होता. आणि त्याबद्दल गेल्या आंब्याच्या हंगामांत आम्हांस चांगलेंच प्रायश्चित्त घ्यावें लागलें.

रत्नागिरीजवळ कातळावर आमची हापूसची बाग आहे. तेथून डांबरी सडकेपर्यंतची वाट उभ्या उताराची व जांभ्याच्या सुट्या दगडांची असल्यानें चारही चाकांनीं ओढणारी जीपच तेथें टिकते. आमची जीप जुनी खरी, परंतु तिचें कुळ थोर. १९४१ सालीं अमेरिकेंत महायुद्धासाठीं जी विलीस जीप तयार होऊं लागली, तिच्याच वंशांतली ही. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईंत या गाड्या जुळविण्यास आरंभ केला, आणि पुढें कित्येक वर्षें त्याच घडणीच्या गाड्या आपल्याकडे निघत राहिल्या.

चैत्राच्या अखेरीस या जीपनें नवें दुखणें काढलें. बागेची वाट उतरून डांबरावर आलें कीं पुढील चाकांची ओढ सोडविणारी दांडी जागची हलेना. वळणावर स्टिअरिंग जड होई, टायर किंचाळत, आणि मधूनच खालून धाडकन् आवाज होऊन सारी गाडी हादरे. आंब्याच्या पेट्या भरून तयार. अशा वेळीं धीर कोणास? गाडी एका गॅरेजांत नेली. तेथें ट्रान्स्फर केस उघडून आंतील गिअर बदलले. पैसे गेले, आठ दिवस गेले, दुखणें तसेंच राहिलें. मग घरांत चौकशी सुरू झाली आणि दोष आला तो पुतण्यावर. तो तरुण, गाडीचा हौशी. भाट्याच्या वाळूंत पळवून त्यानेंच तिची वाट लाविली असावी, असें आम्हीं त्यास सर्वांसमक्ष सुनावलें. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यानें गाडीच्या किल्लीस हात लाविला नाहीं.

अखेर पालीच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींस बोलावणें केलें. त्यांनीं हत्यारांची पिशवी ओटीवर ठेविली ती तशीच राहिली. प्रथम त्यांनीं आम्हांसच गाडीची रचना समजावून दिली. इंजिनाची शक्ति क्लचमधून गिअरबॉक्सांत व तेथून ट्रान्स्फर केसमध्यें येते. येथें तिला दोन वाटा फुटतात: एक शाफ्ट मागील आंसाकडे, दुसरा पुढील आंसाकडे. शाफ्टच्या टोकांस सांध्यासारखे क्रॉस असतात. प्रत्येक आंसाच्या मध्यावरील डिफरन्शियल डाव्याउजव्या चाकांस वळणावर कमीअधिक अंतर चालूं देतो. परंतु पुढील व मागील आंसांमध्यें असा समेट करणारा जुन्या जीपमध्यें कोणीच नसतो. ओढ चारी चाकांस दिली कीं दोन्ही शाफ्टांनीं बरोबरच फिरलें पाहिजे.

नंतर त्यांचें दर्शन सुरू झालें. तेलाचे ओघळ कोठून येतात तें त्यांनीं पाहिलें. क्रॉसच्या टोप्यांभोंवतीं तांबूस भुकटी दिसली तर आंतील ग्रीस संपून सांधा गंजूं लागला, असें समजावें. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें. आपल्या कोंकणांत हें फार घडतें. तापलेला आंस वहाळाच्या गार पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आखडते, आणि आंसावरील हवेचें छिद्र चिखलानें बुजलेलें असल्यास सीलांवाटे पाणी आंत ओढलें जातें.

स्पर्शनाची पाळी त्यानंतरची. सपाटीवर चाकांस पुढेंमागें दगड लावून, इंजिन बंद असतां शाफ्ट हातानें पिळून पाहावा. क्रॉस आपल्या जागीं खुळखुळला तर तो झिजला. गाडी निघतांना किंवा मागें घेतांना ‘टक्’ असा आवाज येतो तो पुष्कळदां याचाच. प्रवासाहून आल्यावर चारही हबांस जपून हात लावावा; एकच अधिक तापला असेल तर त्याचें बेरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरून बसतो. क्रॉसविषयीं मिस्त्रींनीं एक गोष्ट निक्षून सांगितली. विलीस घडणीच्या जुन्या जीपांत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, शाफ्टावरच असतो. घाटांत मागील शाफ्टाचा क्रॉस तुटला तर गाडीची ओढ आणि हँडब्रेक हीं दोन्ही एकदमच जातात!

मग प्रश्न. उभ्या गाडींत क्लच दाबतांच आवाज थांबतो काय? थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सावर. वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी आवाज तोच राहिला, तर दोष गिअरबॉक्साच्या पलीकडे. ॲक्सिलरेटर दाबतां एक सूर आणि सोडतां दुसरा, तर क्राउन-पिनियन पाहावा. वळणावर आवाज वाढला तर चाकाचें बेरिंग. या प्रश्नांस आम्ही काय उत्तर देणार? मिस्त्री म्हणाले, “गाडी चालवतो कोण? त्याला बोलवा.”

पुतण्या आला. त्यानें एका दमांत सांगितलें: सुट्या मातींत दांडी सहज निघते, अडते ती डांबरावरच, आणि हें सुरू झालें तें दसऱ्यास मागील दोन टायर नवे घातल्यापासून. मिस्त्रींनीं खडू मागितला. पुढील व मागील टायरांवर खूण करून गाडी एक फेरा ढकलविली आणि अंतर सुतळीनें मोजलें. नव्या टायराचा फेरा झिजलेल्याहून तीन बोटें अधिक भरला! म्हणजे दर किलोमीटरामागें वीस मीटरांहून अधिक तफावत. मातींत चाकें घसरून ती फेडून टाकतात. कोरड्या डांबरावर घसरण्यास वाव नाहीं, म्हणून सारा पीळ शाफ्टांत व गिअरांत सांठतो आणि दांडी आवळून धरतो. चार टायर एकदम घेण्याऐवजीं दोनच घेण्याची काटकसर कोणाची, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. ती आमची होती.

पुढचेही टायर नवे आणले. पीळ सोडविण्याची युक्तिही मिस्त्रींनीं दाखविली: डांबरावर येतांच गाडी थांबवून चारदोन हात सरळ मागें घ्यावी आणि मग दांडी ओढावी. ती अलगद निघाली. ट्रान्स्फर केसचे जुने गिअर आम्हीं कागदांतून काढून त्यांस दाखविले. ते अजून दहा वर्षें चालले असते, असें त्यांनीं सांगितलें.

त्या रात्रीं पंक्तींत आम्हीं पुतण्याची क्षमा मागितली, ज्या माणसांसमक्ष बोललों होतों त्यांच्यासमक्षच. तो हंसला आणि म्हणाला, “काका, वाळूंत मी गाडी एकदां नेली होती, तें मात्र खरें आहे.” दुसऱ्या दिवशीं पहांटे पेट्या घेऊन तो आंबा घाटानें कोल्हापुरास निघाला. जाण्यापूर्वीं त्यानें अंगणांतला जांभ्याचा एक बेताचा दगड उचलून आसनाखालीं ठेविला. तो दगड अजून तेथेंच आहे.