हुशार मुलांची वाट कोणत्या शाळेकडे?

तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून भाविकांना परिचित आहे. १९५५ मध्ये येथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडल्यापासून अभ्यासकांच्या नकाशावरही ते आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील या गावात पालकांपुढे मात्र एक निराळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो मूल तिसरीत असतानाच उभा राहतो. वर्गातले सर्वांत चुणचुणीत मूल गावच्या शाळेतच ठेवायचे, शहाद्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचे, की त्याला एखाद्या शासकीय निवासी शाळेच्या परीक्षेला बसवायचे?

शहरातील वाचकाला 'प्रज्ञावंत मुलांची शाळा' म्हटले की पुण्याची ज्ञान प्रबोधिनी आठवते. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने १९६९ मध्ये बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला सुरू केली आणि त्या प्रयोगाला महाराष्ट्रात तोड नाही. तथापि हुशार मुलांसाठी सरकारने स्वतः ज्या शाळा काढल्या, त्या प्रामुख्याने ग्रामीण मुलांसाठी आहेत, ही गोष्ट शहरात फारशी ठाऊक नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास सर्वसाधारण शाळांना मनाई केली. नवोदयसारख्या शाळांना मात्र परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची मुभा राहिली.

जवाहर नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली. त्याआधीच, १९८५-८६ मध्ये, प्रायोगिक म्हणून देशात दोन विद्यालये सुरू झाली होती. त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरला, तर दुसरे आपल्या अमरावतीला. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि नवापूर तालुक्यातील श्रावणी येथे नवोदय विद्यालये आहेत. सहावी ते बारावी शिक्षण, निवास, भोजन, गणवेश आणि पुस्तके विनामूल्य असतात. नववीपासून विद्यालय विकास निधी म्हणून अल्प रक्कम आकारली जाते, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तीही माफ असते. एका विद्यालयात सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा. पाचवीत शिकणाऱ्या मुलाला दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात: ४० मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

खरी गुंतागुंत आहे ती नियमांत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखीव असतात, पण 'ग्रामीण' कोण, हे घराच्या पत्त्यावर ठरत नाही, शाळेच्या पत्त्यावर ठरते. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे मूल ग्रामीण भागातील शाळेतच पूर्ण शिकलेले असावे लागते. यांपैकी एक दिवसही ते शहरी हद्दीतील शाळेत असेल तर त्याची गणना शहरी उमेदवारांत होते. शहादा ही नगरपालिका. म्हणजे प्रकाशात राहणारे, केळी-उसाच्या शेतातून रोज घरी येणारे मूल केवळ शाळेची बस शहाद्याकडे जाते म्हणून शहरी ठरते आणि नंदुरबार शहरातील मुलांच्या रांगेत उभे राहते.

त्यातच महाराष्ट्रातील शाळांची घडण या नियमाला अडचणीची ठरते. आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या अनेक प्राथमिक शाळा पिढ्यान्‌पिढ्या चौथीपर्यंतच होत्या आणि पाचवीचा वर्ग माध्यमिक शाळेला जोडलेला असे. चौथी संपली की शाळा बदलायची ही सवय त्यातूनच पडली. नेमक्या याच वळणावर, 'आता मोठी शाळा बघू' म्हणून पालक मुलाला तालुक्याच्या गावी नेतात आणि परीक्षेच्या सहा-आठ महिने आधी त्याचा ग्रामीण हक्क हातचा जातो. नवोदयचा विचार मनात असेल तर पाचवी गावातच किंवा ग्रामीण हद्दीतल्या शाळेत काढणे हा पहिला निर्णय, आणि तो दुसरीच्या निकालाच्या वेळीच घ्यावा लागतो. हे पालकांना वेळेवर सांगणारे बहुधा वर्गशिक्षकच असतात. ते सांगतील का, हा नशिबाचा भाग.

आरक्षणाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. अनुसूचित जाती आणि जमातींना जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात, मात्र दोन्ही प्रवर्ग मिळून ५० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा केवळ कागदावर राहते, इथे ती प्रत्यक्ष जाचते. एकतृतीयांश जागा मुलींसाठी आहेत, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी मुलीला दहाव्या वर्षी वसतिगृहात पाठवण्याचा निर्णय घरात सहज होत नाही, हे लक्षात घेता ती तरतूद मोलाची ठरते.

भाषेचा प्रश्न यापेक्षा सूक्ष्म आहे. परीक्षा मराठीतून देता येते आणि नवोदयमध्ये सातवी-आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषेचा आधार मिळतो. पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकावी लागतात. पण प्रकाशा परिसरातील मुलांच्या घरी मराठी ही बहुधा पहिली भाषा नसतेच. कुणाच्या घरी गुजरी, कुणाच्या अहिराणी, कुणाच्या भिली तर कुणाच्या पावरी. आकृत्यांतील विसंगत चित्र चटकन हेरणारे मूल प्रमाण मराठीतील उताऱ्यापाशी अडखळते. त्याच्या बुद्धीत काही उणे नसते, परक्या भाषेशी त्याची झटापट चाललेली असते. नववीत तर मोठीच परीक्षा. हिंदी आणि अहिंदी भाषक प्रदेशांतील नवोदय विद्यालये आपापल्या नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एक वर्षासाठी एकमेकांकडे पाठवतात. तापीकाठचे पोर वर्षभर दूरच्या राज्यात राहून येते. कुणाला ते घडवते, कुणाला ते जड जाते.

अनुसूचित जमातीच्या मुलासाठी दुसरा मार्ग एकलव्य निवासी शाळांचा. ही योजना १९९७-९८ ची. सहावी ते बारावी, ४८० विद्यार्थी, मुले-मुली समसमान असा तिचा आराखडा. २०१८ नंतर केंद्राने तिचा मोठा विस्तार केला आणि कारभारासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था नेमली. नवोदयमध्ये सर्व समाजांतील मुलांशी स्पर्धा असते, तर एकलव्यमध्ये ती आदिवासी मुलांपुरती, त्यामुळे संधी तुलनेने अधिक. मात्र शिक्षकांची निवड २०२३ पासून देशपातळीवर होऊ लागली आहे. पालकांनी शाळा पाहायला जावे तेव्हा इमारतीपेक्षा सहावीला शिकवणारे शिक्षक मुलांशी मराठीतून बोलू शकतात का, हे आधी पाहावे. तिसरा मार्ग म्हणजे राज्याची शासकीय विद्यानिकेतने. ग्रामीण गुणवत्तेसाठी १९६० च्या दशकात काढलेल्या या शाळांपैकी प्रकाशाला जवळचे ते धुळ्याचे. साताऱ्याच्या सैनिक शाळेचे (स्थापना १९६१) नावही घेतले जाते. तिथे मुलींनाही २०२१ पासून प्रवेश मिळू लागला, पण तिथले शुल्क शेतमजुराच्या आवाक्यातले नाही.

या सर्वांच्या मुळाशी असलेली शिष्यवृत्ती परीक्षा तर १९५४-५५ पासून चालत आली आहे. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. या अदलाबदलीचा एक अनपेक्षित फायदा असा की, चौथीच्या शिष्यवृत्तीची तयारी पाचवीतल्या नवोदयला उपयोगी पडते. बुद्धिमत्ता चाचणी दोन्हीकडे आहे आणि प्रश्नांचा साचाही बराच सारखा आहे.

अर्थात दहाव्या वर्षीच्या चाचणीवर किती भार टाकावा, याचेही भान हवे. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये असामान्य बुद्धीच्या मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. तेव्हा गुण कमी पडल्याने विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना त्यात स्थान मिळाले नाही. पुढे या दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसरा धडा फ्लोरिडातील ब्रोवर्ड परगण्याचा. तिथे पूर्वी शिक्षक-पालकांनी नाव सुचवले तरच मुलाची चाचणी होई. २००५ च्या सुमारास दुसरीतील सरसकट सर्व मुलांची चाचणी सुरू करताच गरीब आणि अल्पसंख्य घरांतील कितीतरी मुले या वर्गांसाठी पात्र ठरली. हुशारी तिथे आधीही होती, ती कुणी मोजली नव्हती. आपल्याकडे शिष्यवृत्ती आणि नवोदय या दोन्ही परीक्षा ऐच्छिक आहेत, आणि अर्ज भरणाऱ्यांतच निवड होते. ऑनलाइन अर्ज, मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, मुदत या साखळीत जो पालक ऊसतोडीला बाहेरगावी गेलेला असतो, त्याचे मूल परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही.

जे पोहोचतात, त्यांच्यासाठी वाट लांबवर जाते. २००७ मध्ये मोहनिश पब्राय यांनी स्थापन केलेले दक्षणा फाउंडेशन नवोदयच्या निवडक विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षांची मोफत निवासी तयारी करून देते. तिचे एक केंद्र पुणे जिल्ह्यात आहे.

ज्याचे नाव यादीत येत नाही, त्याच्यासाठी गावच्या शाळेत राहूनही काही दारे उघडी असतात. सातवीची शिष्यवृत्ती आहेच. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, शासकीय आणि अनुदानित शाळांतील मुलांना तीत नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. नवोदयच्या निवासी विद्यार्थ्यांना ती लागू नाही, म्हणजे ही एक शिष्यवृत्ती खास मागे राहिलेल्यांचीच. शिवाय नवोदयमध्ये नववीच्या रिकाम्या झालेल्या जागांसाठी पुन्हा निवड चाचणी होते. ती देण्यासाठी आठवी त्याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असणे आवश्यक असते.