मातीत साठवलेला पाऊस

पौषात सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या शिवारात गेलं की कोडं पडतं. शेवटचा पाऊस पडून दोन-अडीच महिने झालेले, पाण्याचा पाट कुठे दिसत नाही, तरी पुरुषभर उंच ज्वारी कणसं धरून उभी असते. तिला पाणी मिळतं कुठून?

ते जमिनीतच साठलेलं असतं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या सोलापूरला वर्षाकाठी जेमतेम साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस लाभतो आणि त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर पडतो. भीमा-माण खोऱ्यातली बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी चिकणमाती हा पाऊस धरून ठेवते. एक मीटर खोलीच्या थरात पिकाच्या उपयोगी असं सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. म्हणून शेतकरी पावसाळाभर रान मोकळं ठेवतो आणि उत्तरा-हस्ताच्या पावसानंतर वाफसा आला की तिफण धरतो. पुढे मालदांडी ज्वारीची मुळं ओलीमागे खोल जातात आणि थंडीमुळे पाणीही कमी उडतं.

हीच माती सुकताना भेगाळते आणि ओल भेगांतून निसटते. त्यावर उपाय कोळपणीचा. कोळप्याने भुसभुशीत झालेली माती भेगा बुजवते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ या म्हणीमागचं शास्त्र ते हेच. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात 1933 पासून सुरू आहे, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पाऊस तेवढाच, पण याच जिल्ह्यात सांगोल्याच्या मुरमाड रानात ठिबकावरचं डाळिंब पिकतं आणि नान्नजच्या उथळ माळावर गवत वाढतं. पीक ठरतं ते मातीच्या खोलीवर.

युक्रेन किंवा उत्तर अमेरिकेतल्या गवताळ मैदानांची माती काळी झाली ती हजारो वर्षं कुजलेल्या गवतमुळांनी. आपल्या मातीचा काळा रंग पाहून मात्र तीही तशीच सेंद्रिय कर्बाने भरलेली आहे, असं समजू नये. हा कर्ब इथे कमीच असतो. कडबा वैरणीला जातो, तेव्हा शेणखत तरी रानात परतायला हवं. उताराला आडवी पेरणी आणि धड बांधही हवेत. वीतभर माती वाहून गेली, तर पुढच्या प्रत्येक पौषात ज्वारीच्या वाट्याची तेवढी ओल कायमची कमी होते.