तिकीट हातात, सीट मात्र नाही!

घाटकोपरला राहणाऱ्या आमच्या आपांच्या घरची ही गोष्ट. दुल्हाभाईंच्या भाचीचा निकाह हैदराबादला होता. मुलीचे वडील हयात नाहीत, त्यामुळे निकाहचे वकील मामूंनी व्हायचे असे सगळ्यांनी ठरवले होते. असरच्या नमाजनंतर निकाह आणि सकाळी नऊचे विमान. आपा, दुल्हाभाई आणि दोन मुले साडेसातलाच विमानतळावर हजर झाली. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिले आणि म्हणाली, "विमान फुल आहे. चारपैकी दोनच सीट देता येतील."

पैसे भरलेले, तिकीट कन्फर्म, वेळेवर आलेले. तरी सीट नाही! आपा धाकट्याला घेऊन पुढे गेल्या. दुल्हाभाई आणि मोठी मुलगी मागे राहिली. घाईगडबडीत त्यांच्यापुढे एक कागद आला. "इथे सही करा, रात्रीच्या विमानात बसवतो, वर व्हाउचरही देतो." दुल्हाभाईंनी सही केली. रात्री दहाला ते हैदराबादला पोहोचले, तेव्हा भाचीची पाठवणी होऊन गेली होती. वकील म्हणून दुसरेच कुणी उभे राहिले होते.

तो कागद आम्ही नंतर वाचला. प्रवाशाने स्वखुशीने सीट सोडली, असे त्यावर लिहिले होते.

जास्त तिकिटे का विकतात?

प्रत्येक विमानात काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत. कुणाचे काम रद्द होते, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकते. रिकामी सीट घेऊन विमान उडाले की त्या सीटचे पैसे बुडाले. म्हणून जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधून कंपन्या थोडी जास्त तिकिटे विकतात. समजा, 180 सीटच्या विमानाची 185 तिकिटे विकली. पाच जण आले नाहीत तर सगळे ठीक. सगळेच आले तर पाच जण काउंटरवर अडकतात. ईद, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत जवळजवळ सगळेच येतात आणि अंदाज चुकतो.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना 1972 मध्ये असेच विमानात घेतले नाही. ते कोर्टात गेले आणि 1976 मध्ये प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचले. त्याआधीच ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाने साधा उपाय सुचवला होता : कुणालाही जबरदस्तीने उतरवू नका, योग्य मोबदला घेऊन थांबायला कोण तयार आहे, ते विचारा. पुढे तिथे तसा नियम झाला. आज आपल्याकडचा नियमही इथूनच सुरू होतो.

आपला नियम काय सांगतो?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार कंपनीने आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. त्यानंतरही कन्फर्म तिकीट असलेल्या आणि वेळेत आलेल्या प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध थांबवले, तर हिशोब असा :

* मूळ वेळेनंतर एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले, तर भरपाई नाही.
* 24 तासांच्या आतले विमान दिले, तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या दुप्पट रक्कम, जास्तीत जास्त 10,000 रुपये.
* 24 तासांनंतरचे विमान दिले, तर चौपट रक्कम, जास्तीत जास्त 20,000 रुपये.
* दुसरे विमान नको असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर चौपट रक्कम, जास्तीत जास्त 20,000 रुपये.

उदाहरणार्थ, मूळ भाडे आणि इंधन शुल्क मिळून 3,000 रुपये असतील आणि रात्रीचे विमान दिले, तर माणशी 6,000 रुपये मिळायला हवेत. स्वखुशीच्या कागदावर सही केली, की आपण या हिशोबातून स्वतःहून बाहेर पडतो. दुल्हाभाईंनी फक्त एवढे विचारायला हवे होते, "थांबायला कोण तयार आहे, हे तुम्ही इतरांना विचारले का?" एवढ्या प्रवाशांत एखाद्याला घाई नसेलही.

नियम केवळ कागदावर राहू नये म्हणून दंडही झालेले आहेत. प्रवाशांना विमानात न घेता भरपाईही न दिल्याबद्दल डीजीसीएने जून 2022 मध्ये एअर इंडियाला 10 लाख रुपयांचा दंड केला होता. परदेशी कंपन्यांचे हिशोब वेगळे असू शकतात. आखाताकडे जाणाऱ्यांनी तिकिटाच्या अटी आधी वाचाव्यात.

विमान भरले आहे, हे कसे ओळखावे?

नक्की आकडा कंपनीलाच माहीत असतो, पण अंदाज घेता येतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी कंपनीच्या साइटवर तेच विमान पुन्हा शोधा, आधी एका प्रवाशासाठी, मग पाच-सहा जणांसाठी. एकही तिकीट मिळत नसेल, तर विमान गच्च आहे असे समजा. सीटचा नकाशा पाहून मात्र फसू नका. बऱ्याच जणांनी सीट निवडलेली नसते, म्हणून भरलेले विमानही रिकामे दिसते. उलट, काही सीट कंपनीने स्वतःच अडवून ठेवलेल्या असतात.

ज्याची सीट ठरलेली नाही, तो आधी अडकतो. म्हणून वेब चेक-इन उघडताच करून टाका. निकाह, मुलाखत किंवा दवाखान्याची तारीख असेल, तर दिवसातले शेवटचे विमान घेऊ नका. सकाळचे चुकले तरी पुढचे असते. आणि वेळ पाळा. काउंटर बंद झाल्यावर पोहोचलो तर भरपाईचा हक्कच राहत नाही. मुलुंड किंवा बोरिवलीहून निघताना रस्त्याचा भरवसा धरू नये. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो 3 पकडली, तर विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलची स्टेशने त्याच मार्गावर आहेत.

बिझनेस क्लासची आशा

गच्च विमानात कधीकधी नशीब उघडते, हेही खरे. इकॉनॉमीत माणसे जास्त झाली आणि बिझनेस क्लासमध्ये जागा असली, तर काही जणांना फुकट वर बसवतात. पण आधी विमानात तो वर्ग हवा. आपल्याकडच्या अनेक विमानांत तो नसतोच. मग नंबर लागतो वारंवार उडणाऱ्या, कंपनीचे सभासदत्व असलेल्या प्रवाशांचा. एकट्या प्रवाशाला हलवणे सोपे असते. एकाच तिकिटावरच्या चार जणांच्या कुटुंबाला वर नेणे अवघड. तेव्हा त्या आशेवर राहू नये. काही कंपन्या उड्डाणाआधी बोली लावायला सांगतात किंवा काउंटरवर कमी पैशांत वरची सीट देतात, तेवढे विचारून पाहावे. मुस्लिम मील मागवले असेल आणि सीट बदलली, तर आपले जेवण नव्या सीटवर येईल ना, हेही विचारावे.

उलट घडले, म्हणजे वरच्या वर्गाचे पैसे घेऊन खाली बसवले, तर 2023 च्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाचे 75 टक्के पैसे परत मिळतात.

काउंटरवर अडवले तर

आवाज चढवू नका. विमानात न घेण्याचे कारण लेखी मागा. काउंटरवर किती वाजता पोहोचलो ते लिहून ठेवा, तिकिटाचा फोटो ठेवा. न वाचता सही करू नका. तक्रार कंपनीकडे आणि सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तरीही दाद लागली नाही, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते.

परवा दुल्हाभाई एकटेच हैदराबादहून परत येत होते. विमान भरले होते आणि कुणी थांबायला तयार आहे का, असे कर्मचारी विचारत होते. दुल्हाभाई उठले. आपांनी फोनवर कारण विचारले, तर म्हणाले, "मला काही घाई नव्हती. यात कुणीतरी निकाहला निघालेले असेल." या वेळी सही करण्याआधी त्यांनी कागद दोनदा वाचला होता.