मल्टीबूट

एकाच संगणकावर, बहुधा एकाच हार्ड डिस्कवर, दोन किंवा अधिक संचालन प्रणाली बसवून संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडण्याच्या व्यवस्थेस मल्टीबूट असे म्हणतात. प्रणाली दोनच असल्यास ड्युअल बूट हे नाव रूढ आहे. या व्यवस्थेत एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरी वापरण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. आभासी यंत्रात एक प्रणाली दुसरीच्या आत चालते, त्यामुळे तो प्रकार मल्टीबूटमध्ये मोडत नाही.

कार्यपद्धती

संगणक चालू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर प्रथम कार्यान्वित होते. ते बूट लोडर नावाच्या लहान प्रोग्रामकडे सूत्रे सोपवते आणि बूट लोडर निवडलेली प्रणाली मेमरीत आणतो. प्रत्येक प्रणाली डिस्कच्या स्वतंत्र विभागात, म्हणजे पार्टिशनमध्ये, राहते.

जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांना मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यांपैकी ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांसाठी, ६४ विभागांच्या तक्त्यासाठी व २ ओळखखुणेसाठी असतात. तक्त्यात चारच नोंदी मावतात. अधिक विभाग हवे असल्यास एक नोंद विस्तारित विभागास देऊन त्याच्या आत उपविभाग करावे लागतात. आरंभीच्या आज्ञांची जागा एकच असल्याने नंतर बसवलेली प्रणाली आधीच्या प्रणालीचा बूट लोडर पुसून टाकू शकते.

नव्या यूईएफआय पद्धतीत जीपीटी हा तक्ता वापरतात व त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते. निरनिराळ्या प्रणालींचे बूट लोडर एका स्वतंत्र लहान विभागात फायलींच्या रूपाने शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे वरील धोका बराच कमी होतो. लिनक्ससोबत बहुधा येणारा ग्रब हा बूट लोडर एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये ग्नू हर्ड या प्रणालीसाठी लिहिण्यास प्रारंभ केला. तो लिनक्स स्वतः सुरू करतो, तर विंडोज निवडल्यास तिच्याच बूट लोडरकडे सूत्रे देतो.

मांडणीचा क्रम

विभागांची फेररचना करताना वीज गेली किंवा चुकीचा विभाग निवडला गेला, तर सर्व माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे ही पहिली पायरी होय. विंडोज व लिनक्स एकत्र ठेवायचे असल्यास सर्वसाधारण क्रम असा असतो:

१. आधी विंडोज बसवणे.
२. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंटच्या साहाय्याने तिचा विभाग लहान करून जागा मोकळी करणे.
३. लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करून, बसवण्यापूर्वी त्यावरूनच ती चालवून पाहणे.
४. मोकळ्या जागेतच लिनक्स बसवणे. दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने, म्हणजे दोन्ही यूईएफआय किंवा दोन्ही बायोस पद्धतीने, बसवणे सोयीचे ठरते.

नेहमीच्या अडचणी

विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप सुविधेमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोजचा विभाग अर्धवट वापरात राहतो. लिनक्समधून त्यात लेखन करण्यापूर्वी ही सुविधा बंद करणे आवश्यक असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास बूट व्यवस्थेतील बदलानंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागितली जाऊ शकते. ती आधीच लिहून ठेवावी लागते. विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ गृहीत धरते, तर लिनक्स बहुधा जागतिक वेळ. म्हणून भारतात प्रणाली बदलताच घड्याळात नेमका साडेपाच तासांचा फरक दिसतो. हा संगणकातील बिघाड नव्हे. दोहोंपैकी एका प्रणालीची मांडणी बदलल्यास तो दूर होतो.

मराठी वापरकर्त्यांच्या संदर्भात

युनिकोडपूर्व काळातील मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी व सी-डॅकची आयएसएम यांसारख्या विंडोजवरील सॉफ्टवेअरांत टंकलिखित झाला. योग्य फॉन्ट नसल्यास तो निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. विंडोज कायमची काढून टाकल्यास असे जुने हस्तलिखित, स्मरणिका वा संस्थेचे अहवाल वाचणे कठीण होते. नवे युनिकोड लेखन मात्र इनस्क्रिप्ट कळफलकाने दोन्ही प्रणालींवर सारखेच करता येते.

मुंबईत मुक्त सॉफ्टवेअरच्या शैक्षणिक वापरासाठी ट्रॉम्बेलगतच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, तसेच पवई येथील आयआयटी मुंबईत काम झाले आहे. आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील लिनक्सविषयक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. सी-डॅकची बॉस ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणालीही मराठीत वापरता येते.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करत नाहीत. अशा संगणकावर जुन्या फायलींपुरती विंडोज इंटरनेटविना ठेवून दैनंदिन कामासाठी लिनक्स वापरणे मल्टीबूटमुळे शक्य होते. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासून होईपर्यंत दोन्ही प्रणाली हाताशी राहतात.