डिशवॉशरमध्ये रिन्स एडऐवजी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व चालेल का?

"डॉक्टर, भांड्यांवर राहिलेलं केमिकल पोटात जातं म्हणे. आम्ही आता मशीनमध्ये व्हिनेगरच घालतो." गेल्या दोन-तीन वर्षांत हे वाक्य मी बऱ्याच रुग्णांकडून ऐकले आहे. कुणाला जुना पोटाचा त्रास असतो, कुणाच्या लहान मुलाला इसब असतो. कुणाच्या घरी नुकतेच बाळ आलेले असते. शंका रास्त आहे. मात्र तिच्यावर शोधलेला उपाय दर वेळी रास्त असतोच असे नाही.

रिन्स एड नेमके काय करते?

डिशवॉशर आधी डिटर्जंटच्या पाण्याने भांडी धुतो, ते पाणी बाहेर टाकतो आणि शेवटी गरम पाण्याने खळबळून काढतो. या शेवटच्या पाण्यात दारातल्या छोट्या कप्प्यातून काही मिलिलिटर रिन्स एड सोडले जाते. त्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे सर्फॅक्टंट. त्यामुळे पाण्याचा थेंब काचेवर गोल बसून न राहता पसरतो आणि निथळून जातो. दुसरी म्हणजे आम्ल, बहुधा सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व. ते पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर बसू देत नाही. याशिवाय रंग आणि सुगंध असतो, पण तो भांड्यांसाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी.

यानंतर साध्या पाण्याने पुन्हा धुणे होत नाही. म्हणजे रिन्स एडचा अगदी पातळ अंश भांड्यावर वाळतो, हे खरे आहे.

ते संशोधन काय सांगते?

सध्याच्या भीतीमागे स्वित्झर्लंडमधल्या दावोस येथील ॲलर्जी आणि दमा संशोधन संस्थेचा एक अभ्यास आहे. तो 2022 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर रिन्स एडचा परिणाम त्यांनी तपासला. हजारो पट पातळ केलेल्या द्रावणानेही पेशींमधली घट्ट वीण सैल झाली आणि दाह वाढवणारी जनुके जागी झाली. यामागे अल्कोहोल इथॉक्सिलेट नावाचे सर्फॅक्टंट असल्याचे त्यांनी दाखवले.

हा अभ्यास मी हलका मानत नाही. पण बातम्यांमध्ये त्याचे दोन तपशील गळून पडले. एक, त्यांचा मुख्य रोख हॉटेल-कॅन्टीनमधल्या व्यावसायिक मशीनवर होता. तिथे एका फेरीला जेमतेम काही मिनिटे लागतात आणि ग्लासांवर अंश जास्त राहतो. दोन, हे प्रयोग पेशींवर झाले, जेवणाऱ्या माणसांवर नाही. आपल्या आतड्याला वरून श्लेष्माचा थर असतो आणि त्याच्या पेशी काही दिवसांत नव्याने येत असतात. त्यामुळे 'रिन्स एडमुळे आतड्याचा आजार होतो' असे यातून सिद्ध होत नाही. 'भांड्यावर राहणारा अंश कमीत कमी ठेवा' एवढे मात्र निघते, आणि ते घरी सहज जमते.

व्हिनेगरने काम होते का?

अर्धवट होते. व्हिनेगरमध्ये सर्फॅक्टंट नसतो, त्यामुळे थेंब पसरवण्याचे काम ते जवळजवळ करत नाही. ते फक्त आम्लाचे काम करते, आणि तिथेही प्रमाण तुटपुंजे पडते. हिशोब पाहा. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसेटिक ॲसिड असते. कप्प्यातून 5 मिली सुटले तर आम्ल मिळाले 0.25 ग्रॅम. पुण्यात बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या पुष्कळ आहेत. अशा पाण्याची क्षारता लिटरला 300 मिलिग्रॅम धरली, तर शेवटच्या 3 लिटर पाण्यासाठी सुमारे चौपट आम्ल लागेल. म्हणून 'व्हिनेगर घालूनही ग्लास पांढरटच' अशी तक्रार येते.

वाटीत व्हिनेगर भरून ती मशीनमध्ये ठेवण्याचा उपाय तर त्याहून वाया जातो. पहिल्याच पाण्यात ती वाटी धुऊन निघते आणि शेवटच्या फेरीपर्यंत काही उरत नाही. शिवाय कप्प्यात सतत आम्ल राहिले तर काही मशीनमधली रबरी सीले खराब होतात. म्हणूनच अनेक मशीनच्या माहितीपुस्तिकेत याला मनाई असते.

लिंबूसत्त्व थोडे बरे. त्याला वास नाही आणि ते जास्त दाट विरघळवता येते. पण दाट द्रावणाचे खडे होऊन कप्पा तुंबतो, आणि पातळ द्रावण बरेच दिवस राहिले तर त्यात बुरशी धरते. ताज्या लिंबाचा रस कप्प्यात मुळीच घालू नका.

मग काय करावे?

माझे मत विचाराल तर रिन्स एड बदलण्यापेक्षा ते कमी करा. कप्प्यापाशी किंवा मशीनच्या बटणांमध्ये त्याचे प्रमाण ठरवण्याची सोय असते. ते सर्वांत खालच्या आकड्यावर आणा. ग्लासवर निळसर झाक किंवा ओघळ दिसत असतील, तर प्रमाण जास्त आहे हे नक्की. 'ऑल इन वन' गोळी वापरत असाल तर तिच्यात हे घटक आधीच असतात, मग वेगळे रिन्स एड बहुतेक घरांत लागतच नाही. घेतलेच तर रंग आणि सुगंध नसलेले घ्या, विशेषतः घरात कुणाला इसब असेल तर.

पांढऱ्या डागांचे खरे औषध म्हणजे मशीनचे मीठ. ते आतल्या यंत्रणेत पाणी मृदू करते. पाण्याची कठीणता तपासून घ्या आणि तो आकडा मशीनमध्ये बरोबर भरा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. रक्तदाबाचे रुग्ण इथे हमखास विचारतात की हे मीठ भांड्यांतून पोटात जाते का. ते खारे पाणी थेट गटारात जाते, काळजी नको.

रिन्स एड अजिबात नको असेल तर तेही चालते. तब्येतीला काहीच अपाय नाही, फक्त भांडी ओली राहतात. फेरी संपली की दार उघडे ठेवा आणि उरलेले पाणी रोज धुतलेल्या फडक्याने टिपा. ओट्यावर दिवसभर फिरणारे फडके वापरले तर स्वच्छ झालेल्या ताटलीवर पुन्हा जंतू चढवल्यासारखे होते. बाळाच्या बाटल्या आणि वाट्या मात्र मशीनमधून काढल्यावर एकदा उकळलेल्या पाण्याने विसळा. आतड्याच्या दाहाचा आजार असलेल्यांनीही मनाच्या समाधानासाठी स्वतःचा ग्लास-ताट विसळून घ्यायला हरकत नाही. औषधे मात्र यामुळे बंद करू नका.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

मला जास्त काळजी वाटते ती इथे. स्वस्त पडते म्हणून काही जण केमिकलच्या दुकानातून ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणतात आणि घरी पाणी घालून 'व्हिनेगर' करतात. ते जवळपास शुद्ध आम्ल असते. त्वचा, डोळे आणि अन्ननलिका भाजते. ते घरात आणूच नका. लिंबूसत्त्वाचे खडे साखरेसारखे दिसतात, म्हणून ते नाव लिहिलेल्या बरणीत आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि दमा असलेल्याला तो फार जड जातो.

मुलाने डिशवॉशरची गोळी किंवा पावडर तोंडात घातली तर उलटी करवू नका. ती तीव्र अल्कधर्मी असते, वर येताना पुन्हा भाजते. त्यावर उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू पाजू नका. तोंड पुसून पाण्याने धुवा, मूल शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर एक-दोन घोट पाणी द्या, आणि वेष्टन सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. गरज पडल्यास 108 ला फोन करा. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 ते 20 मिनिटे डोळा धुवा, मगच निघा.

व्हिनेगरचा योग्य उपयोग महिन्यातून एकदा मशीन साफ करताना होतो. वरच्या कप्प्यात व्हिनेगरची वाटी ठेवा आणि भांडी व डिटर्जंट न घालता एक गरम फेरी चालवा. त्याआधी दाराची रबरी कड पुसून कोरडी करा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 18 देशांतले 189 डिशवॉशर तपासले होते. त्यातल्या 62 टक्क्यांमध्ये या रबरावर बुरशी सापडली. निरोगी माणसाला तिचा सहसा त्रास होत नाही. पण घरात सिस्टिक फायब्रोसिसचा रुग्ण असेल, किंवा केमोथेरपी चालू असेल, तर ही साफसफाई दुसऱ्या कुणीतरी करावी, आणि फेरी संपल्यावर वाफ निघत असताना त्या रुग्णाने दार उघडू नये.